गुंडी

आमच्या घरात तेलुगू.
काळजाला आम्ही गुंडे म्हणतो.
डॉक्टर कलशेट्टी कागदावर बोट ठेवून मराठीत सांगत होते, हृदय,
आणि माझ्या कानात सारखी शर्टाची गुंडी.

तिरुपतीचा शर्ट त्यांनी कात्रीनं उभा कापला होता.
निळा, चौकटीचा, दिवाळीचा.
पिशवीत घालून दिला मला, चपलेसकट. एकच चप्पल.
बाकावर बसून मी गुंड्या काढत होते, दातानं दोरा तोडून.
हात नवव्या वर्षी पान कातरायला शिकलेत,
मोकळे राहिले की थरथरतात.

मेंदू गेला म्हणाले.
छाती वरखाली होतेय ती यंत्रामुळं.
मग काळीज?
काळीज त्याचंच. चालतंय अजून.
एवढं कळायला मला दुपार लागली.
बाहेर त्रेचाळीस अंश, होटगी रोडचं डांबर मऊ झालेलं.
सही मला तेलुगूतच येते.
चालेल म्हणाले.

पूर्वी बर्फात घालून न्यायचे, मेहजबीन सिस्टर सांगत होती,
गार, गप्प. चार तासांत पोचलं तर पोचलं.
आता पेटी निघालीय.
पेटीत रक्त फिरतं, ऊब असते,
आणि ते पेटीतच धडधडत जातं
कुणाच्या छातीशिवाय.

मी तिला दोनदा विचारलं,
म्हणजे वाटेत ते कुणाचं?
ती माझ्याकडं बघत राहिली.
मग म्हणाली, चहा आणते.

हजार विड्या वळायला मला अख्खा दिवस लागतो.
पंचवीसचा कट्टा, असे चाळीस.
बाकावरच पेरांवर हिशेब केला:
मिनिटाला सत्तर धरले
तर ते चौदा-पंधरा मिनिटांत हजार करतं.
मोहोळपर्यंत दोन हजार. टेंभुर्णीला पाच.
पुढं गावं मला माहीत नाहीत,
आकडे तेवढे माहीत आहेत.

कारखान्यात चेकर सुपात हात घालतो,
सैल, आखूड, फाटक्या पानाची,
छाट बाजूला. तेवढी मजुरी कापली.
यांनीही तपासलं. रक्तगट, माप, काय काय.
छाट निघाली नाही बघा, मी सिस्टरला म्हणाले,
छाती फुगवून म्हणाले,
आणि मग तोंडावर पदर घेतला.

छाट तिकडं निघू शकते, ती हळूच बोलली.
नवं अंग त्याला परकं समजतं.
रोज गोळ्या, जन्मभर,
अंगाची समजूत काढत राहायची,
असू दे, असू दे याला.

मला वरंगलहून आले ते वर्ष आठवलं.
सोळाची होते.
सासूनं सहा महिने माझ्या हातचं पाणी घेतलं नाही.
मला कुणी गोळ्या दिल्या नाहीत,
तिलाही नाही.
राहिले.

नाव सांगत नाहीत. नियम आहे.
बाई की पुरुष, तेही नाही.
आठ महिने झाले.

पाचव्या दिवशी रात्री दोनला नळ येतो.
पाण्याआधी पाइपातून हवा येते,
धक्, धक्, धक्, नळी हातात उड्या मारते,
शेजारच्या बोल्ली वहिनी ओरडतात, हंडा लाव की गं.
मी लावत नाही.
तेवढं होऊ देते.

परवा धाकट्याच्या शाळेच्या शर्टाला त्यातली एक लावली.
पांढऱ्यावर निळी दिसते आई, पोरं हसतील.
घट्ट बसलीय ना?
हो.
ओढून बघ.

त्यानं ओढून बघितली.